कन्सोल प्रोग्रामला कोडमधून कीबोर्ड इनपुट कसं द्यायचं? पाईप अर्ध्यातच अडकतेय

सड्यावरचा (वेंगुर्ला)
मंडळी नमस्कार. आमच्या इथे काजूच्या फॅक्टरीत मी कॉम्प्युटरचं जे काय असेल ते बघतो, म्हणजे प्रिंटरच्या रिबिनीपासून जीएसटीपर्यंत सगळंच. काजू बी खरेदीच्या पावत्या करायला एक जुना प्रोग्राम आहे, काळ्या खिडकीवाला, सी मध्ये कोणीतरी करून दिलेला, सोर्स नाही आणि करून देणारा कधीच गल्फला गेला. चालू केला की आधी पासवर्ड, मग मेनू, मग शेतकरी नंबर, गोणी, वजन, ओलावा, भाव, मग सेव्ह करू का वाय/एन, आणि शेवटी 'कोणतीही की दाबा'. सीझनला दिवसाला दोन-अडीचशे पावत्या होतात. आता वजनं काट्यावरच मोबाईलमध्ये भरतात आणि संध्याकाळी त्याची एक्सेल येते, आणि मग ती एक्सेल बघून आमची एक मुलगी तेच सगळं परत त्या काळ्या खिडकीत टाईप करत बसते रात्री आठपर्यंत, बघवत नाही.

मला हे पायथनमधून करायचंय. सबप्रोसेसने (पायथनमधून दुसरा प्रोग्राम चालवायची सोय) तो प्रोग्राम चालवला आणि स्टँडर्ड इनपुटला, म्हणजे प्रोग्राम जिथून टाईप केलेलं वाचतो तिथे, पाईप लावली, कीबोर्डऐवजी माझा कोड तिथे मजकूर ओततो. दोन लफडी आहेत. एक, पासवर्डलाच बसून राहतो, मी पाठवलेलं त्याला दिसतच नाही. दोन, तो काय विचारतोय ते मला आउटपुटच्या पाईपमधून वाचताच येत नाही, सगळं रिकामं, प्रोग्राम मारला तरी रिकामंच. विंडोज १०, ६४ बिट. कोणी केलंय का असलं काही?

बॅचफाईल_बंड्या (चिपळूण)
एवढं कशाला, एका टेक्स्ट फाईलमध्ये ओळीखाली ओळ उत्तरं लिही आणि प्रोग्रामच्या नावापुढे 'पेक्षा लहान'चं चिन्ह टाकून फाईलचं नाव दे. वर्षानुवर्षं हेच करतोय आम्ही.

सड्यावरचा
बंड्याभाऊ तेच पहिलं केलं, पासवर्डला थांबतोच.

चिवला_बीच (मालवण)
सेंडकीज वापर रे, नायतर ऑटोहॉटकी. खिडकी समोर आणायची आणि धडाधड की मारायच्या. माणसासारखा टाईप करता, प्रोग्रामाक काय कळता कोण टाईप करता ता!

सुरंगी (सावंतवाडी)
चिवला, ते चालतं पण ज्या खिडकीवर फोकस असेल तिच्यात टाईप होतं ना. मध्येच मेसेजची खिडकी उघडली की शेतकरी नंबर ४५, वजन ६२ किलो, वाय, एंटर हे सगळं कोणाच्या तरी चॅटमध्ये जाऊन बसतं. आणि मशीन लॉक झालं की काम बंद. दुसरा काही मार्गच नसेल तेव्हाच हे करावं.

तात्या_टर्मिनल (रत्नागिरी)
सड्यावरच्या, तुझी दोन लफडी वेगवेगळी आहेत, त्यांची कारणं पण वेगळी, म्हणून एकेक घेऊ.

आधी एक टेस्ट कर. पाईप लावून तुझी स्क्रिप्ट कमांड प्रॉम्प्टच्या खिडकीतून चालू कर, आणि तो पासवर्डला थांबला की त्याच खिडकीत हाताने पासवर्ड टाईप कर. काय होतं ते सांग. पासवर्ड टाईप करताना तारे उमटतात का ते पण बघ.

सड्यावरचा
तात्या हे भारी आहे. हाताने टाईप केल्यावर तारे उमटतात, आणि पासवर्ड दिल्यावर तो पुढे गेला! म्हणजे मेनू, नंबर, वजन वगैरे माझ्या पाईपमधून घेतलं त्याने, कारण नंतर बघितलं तर पावती सेव्ह झालेली. परत 'कोणतीही की दाबा'ला थांबला, तिथे मी स्पेस मारली.

तात्या_टर्मिनल
मग झालं निदान. सी मध्ये वाचायचे दोन रस्ते असतात. स्कॅनएफ, गेट्स वगैरे मंडळी स्टँडर्ड इनपुटमधून वाचतात, तिथे फाईल असो, पाईप असो, कीबोर्ड असो, त्यांना सोयरसुतक नाही. पण गेटसीएच नावाचं फंक्शन, कॉनिओ हेडरमधलं, ते स्टँडर्ड इनपुटला विचारतच नाही, थेट कन्सोलला, म्हणजे त्या काळ्या खिडकीलाच, जाऊन कीबोर्डची की उचलतं. पासवर्डला अक्षर न दाखवता तारा दाखवायचा असतो आणि 'कोणतीही की'ला एंटरची वाट बघायची नसते, म्हणून तिथे त्या गल्फवाल्याने गेटसीएच वापरलंय. तुझी पाईप कितीही चांगली असली तरी त्या दोन जागी तिचा उपयोग शून्य.

लिनक्सवर पण हाच प्रकार आहे बरं का. एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायचा प्रोग्राम) पासवर्ड विचारतं तेव्हा ते डेव्ह-टीटीवाय ही फाईल उघडून थेट टर्मिनलवरून (आपल्या कन्सोलसारखंच) वाचतं, म्हणूनच पासवर्ड एको करून एसएसएचला पाईप केला की काही होत नाही. पायथनचं पासवर्ड विचारायचं गेटपास पण आधी तेच करतं.

आता दुसरं लफडं, आउटपुट न दिसणं. प्रिंटएफने लिहिलेलं लगेच बाहेर पडत नाही, सी लायब्ररी ते बफरमध्ये साठवते. समोर टर्मिनल आहे असं दिसलं तर लवकर सोडते, पण समोर पाईप किंवा फाईल असली की पूर्ण बफर भरेपर्यंत, साधारण ४०९६ बाइट, गप्प बसते. तुझा प्रॉम्प्ट असेल वीस-पंचवीस अक्षरांचा. तो बफरमध्ये पडून राहतो, प्रोग्राम इनपुटची वाट बघतो, तू प्रॉम्प्टची वाट बघतोस, दोघंही बसून. आणि प्रोग्राम मारून टाकला की बफर त्याच्याबरोबरच जातो, म्हणून तुला काहीच मिळालं नाही. लिनक्सवर एसटीडीबफ नावाची कमांड आहे, ती बफरिंग बदलून देते, पण डायनॅमिक लिंक असलेल्या आणि स्वतः बफरशी न खेळणाऱ्या प्रोग्रामलाच. विंडोजच्या तुझ्या एक्झीला ती लागू नाही.

बॅचफाईल_बंड्या
म्हणजे माझा उपाय बाद 😀

तात्या_टर्मिनल
बाद कशाला, जिथे सगळं स्टँडर्ड इनपुटमधून वाचलं जातं आणि प्रश्नांचा क्रम कधीच बदलत नाही तिथे तुझाच उपाय सगळ्यात सोपा. सारखं हो-हो म्हणायचं असेल तर यस नावाची कमांड पण आहे युनिक्सवर, थांबवेपर्यंत वाय छापत राहते.

दापोलीचा_पाऊस (दापोली)
मला एक कळत नाही, कीबोर्डची नक्कल करायचीच कशाला? प्रोग्राम डेटा कुठेतरी फाईलमध्येच ठेवत असेल ना. डीबीएफ (जुन्या डेटाबेसची फाईल) असेल तर पायथनमधून थेट त्यात रेकॉर्ड घाल, विषय संपला. आजच्या जमान्यात आपण मशीनला टायपिंग शिकवतोय.

सड्यावरचा
डीबीएफ नाही दादा, डॅट फाईल आहे, नोटपॅडमध्ये उघडली की चौकोन आणि कचरा. मध्ये मध्ये शेतकऱ्यांची नावं दिसतात.

तात्या_टर्मिनल
म्हणजे सी चं स्ट्रक्चर जसंच्या तसं फाईलवर ओतलेलं दिसतंय. ते उलगडता येतं, कोणता बाइट कशाचा ते बसून शोधायचं. पण पाऊसराव, पावतीचा पुढचा नंबर दुसऱ्या फाईलीत असेल, शेतकऱ्याची येणं बाकी तिसरीकडे, शिवाय ओलावा जास्त असला की वजनात घट धरायचा हिशोब प्रोग्रामच्या पोटात. हे सगळं आपण बाहेरून परत लिहायचं, आणि एक जरी सुटलं तरी कळणार कधी तर मार्चएंडला, टोटल जुळेना म्हणून. प्रोग्रामच्याच तोंडातून डेटा घातला की त्याची सगळी तपासणी फुकटात मिळते. सोर्स हाताशी असता तर मी पण तुझ्याच बाजूने बोललो असतो.

दापोलीचा_पाऊस
पटलं अर्धं. पण मग त्याचं त्या पोटातलं गणित बरोबर आहे याची खात्री कोणाला आहे?

सड्यावरचा
शेठना आहे, तेवढं पुरे 🙏

तात्या_टर्मिनल
बरं, आता उपाय. प्रोग्रामला पाईप न देता खोटं टर्मिनल द्यायचं. युनिक्समध्ये याला सुडो टर्मिनल, पीटीवाय म्हणतात. त्याला दोन टोकं असतात, एक तुझ्या कोडच्या हातात, दुसरं प्रोग्रामच्या. दशावतारात बाप्या साडी नेसून उभा राहिला की रात्रभर तोच लक्ष्मी, तसं प्रोग्रामच्या बाजूचं टोक सगळ्या बाबतीत टर्मिनलच असतं. इज-ए-टीटीवाय (समोर टर्मिनल आहे का) विचारलं तर हो म्हणतं, बफरिंग टर्मिनलसारखं होतं, डेव्ह-टीटीवाय उघडलं तर तेच उघडतं, कंट्रोल-सी चा ३ नंबरचा बाइट पाठवला तर सिग्नल पण जातो.

यावर एक्सपेक्ट नावाचं हत्यार आहे, डॉन लाइब्स या अमेरिकेतल्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेतल्या माणसाने १९९० मध्ये टीसीएल भाषेवर केलेलं. कल्पना साधी. स्पॉनने प्रोग्राम चालू करायचा, एक्सपेक्टने ठरावीक मजकुराची वाट बघायची, सेंडने उत्तर द्यायचं. पायथनमध्ये त्याच धर्तीवर पीएक्सपेक्ट आहे. पण तू विंडोजवर आहेस आणि पीएक्सपेक्टचं स्पॉन विंडोजवर चालत नाही, तिथे त्याचं पाईपवालं रूप तेवढं मिळतं, आणि त्याने तू परत गेटसीएचला येऊन अडकशील.

विंडोजवर अशी सोयच नव्हती बरीच वर्षं. लोक लपवलेली कन्सोल खिडकी उघडून तिच्यावरचं वाचत बसायचे, विनपीटीवाय त्यातलंच. मग मायक्रोसॉफ्टने २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटमध्ये, म्हणजे विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत, कॉनपीटीवाय आणलं. त्यात तू बाइट पाठवलेस की ते खऱ्या कन्सोलच्या की-इव्हेंटमध्ये बदलून जातात, त्यामुळे गेटसीएच पण खूश. पायथनला पाय-विन-पीटीवाय हे पॅकेज घाल. तुझी विंडोज १८०९ च्या पुढची आहे ना ते विनव्हर टाईप करून बघ.

सड्यावरचा
विनव्हर बघितलं, २२एच२ आहे. आज रात्री बसतो यावर.

सुरंगी
बसायच्या आधी दोन-चार गोष्टी सांगते, या मी कामात रोज बघते (आमच्याकडे लिनक्स सर्व्हर आहेत, पण तत्त्व तेच).

स्लीप टाकून काम करू नकोस. लोक काय करतात, पासवर्ड पाठवला, दोन सेकंद झोप, मेनूचा आकडा पाठवला, एक सेकंद झोप. स्वतःच्या मशीनवर मस्त चालतं आणि अँटिव्हायरस जागा झाला किंवा प्रिंटर अडकला की सगळी उत्तरं एक घर पुढे सरकतात, ओलाव्याच्या जागी भाव. प्रत्येक वेळी प्रॉम्प्ट दिसेपर्यंत थांबायचं, दिसला की मगच पाठवायचं.

आणि सगळी उत्तरं एकदम ओतून पण चालत नाही. काही प्रोग्राम प्रश्न विचारायच्या आधी साठलेल्या की फेकून देतात. विंडोजवर केबीहिट (की दाबलेली आहे का ते सांगणारं फंक्शन) बघत बघत गेटसीएचने रिकामं करतात, लिनक्सवर गेटपास टर्मिनलचा एको (टाईप केलेलं स्क्रीनवर दाखवणं) बंद करताना न वाचलेलं इनपुट उडवून टाकतं. आधीच पाठवलेला पासवर्ड हवेत जातो आणि तुम्ही म्हणता पाठवला तर होता! पीएक्सपेक्टमध्ये पाठवायच्या आधी ५० मिलिसेकंद थांबायची सवय मुद्दाम घातलेली आहे, कारण प्रोग्राम 'पासवर्ड' असं छापतो आणि त्यानंतर एको बंद करतो, त्या फटीत तुम्ही पाठवलंत तर पासवर्ड स्क्रीनवर उमटतो.

टाइमआउट पण लाव. एक्सपेक्टचा आपोआप १० सेकंद असतो, पीएक्सपेक्टचा ३०. टाइमआउट झाला तर पुढे दामटायचं नाही, तिथेच थांबून शेवटचा स्क्रीन फाईलमध्ये लिहायचा.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये नको, आणि कमांडलाईनवर तर अजिबात नको, टास्कच्या यादीत दिसतो. पायथनचं कीरिंग विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ठेवतं, ते वापर.

चिवला_बीच
सुरंगीताई, ह्या सगळा एसएसएच साठी पण करूक होया काय? आमच्या ऑफिसात एक जण एसएसएचपास (पासवर्ड आपोआप देणारो प्रोग्राम) घालून बसलोहा.

सुरंगी
एसएसएचला की-जोडी (पासवर्डऐवजी चालणाऱ्या दोन किल्ली-फाईली) करा आणि मोकळे व्हा, पासवर्ड टाईप करायची नक्कल कशाला. तसंच पॅकेज टाकताना प्रश्न येतात तिथे एपीटीला डॅश-वाय आहे, सुडोला स्टँडर्ड इनपुटवरून पासवर्ड घ्यायचा डॅश-कॅपिटल-एस आहे. आधी मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) वाचायचं, प्रोग्रामला स्वतःचा रस्ता असेल तर एक्सपेक्टला हात लावायचा नाही.

सड्यावरचा
चालू झालं!!! म्हणजे पासवर्ड गेला, मेनू आला, एक पावती आपोआप सेव्ह झाली आणि 'कोणतीही की' पण पार. आईशप्पथ रात्री साडेबाराला एकटाच ओरडलो, आई उठून आली काय झालं म्हणून.

पण वाचताना आउटपुटमध्ये कचरा येतोय, मध्ये मध्ये एस्केप, चौकोनी कंस, आकडे, एच, के असलं. 'शेतकरी नं' हा शब्द कधी सलग येतो, कधी मध्येच हे घुसलेलं असतं. आणि सुरुवातीला एंटरला १० नंबरचा बाइट पाठवत होतो तर तो हलतच नव्हता, १३ पाठवल्यावर हलला.

तात्या_टर्मिनल
१३ च बरोबर. कीबोर्डवरचं एंटर म्हणजे कॅरेज रिटर्न. युनिक्सवर टर्मिनलचा ड्रायव्हर त्याचा १० करून प्रोग्रामला देतो म्हणून तिकडे दोन्ही खपतं.

कचरा म्हणजे कर्सर हलवायचे एस्केप कोड. कॉनपीटीवाय तुला प्रोग्रामने काय छापलं ते देत नाही, स्क्रीन कसा दिसतो ते देतं, आणि बदललेला भागच परत रंगवतं. रेग्युलर एक्सप्रेशनने (मजकुरातले नमुने शोधायची पद्धत) कोड काढून टाकता येतात पण मग कोणता मजकूर कुठल्या जागी होता ते हरवतं, मेनूवाल्या प्रोग्रामला ते चालत नाही. पायटीई नावाचं पॅकेज घे, ते मेमरीतल्या मेमरीत टर्मिनल उभं करतं. आलेले बाइट त्याला खायला घाल आणि त्याच्याकडून ८० बाय २५ चा स्क्रीन मागून घे. मग 'कर्सरच्या ओळीवर शेतकरी नं आहे का' एवढंच विचार.

अजून एक, तुकड्यातुकड्याने बाइट येतात तेव्हा अक्षर मध्येच तुटू शकतं. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, दोन एका तुकड्यात आणि एक दुसऱ्यात आला की डिकोड करताना एरर. इन्क्रिमेंटल डिकोडर वापरायचा, तो अर्धवट बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतो. तुझे प्रॉम्प्ट रोमनमध्ये असतील तर आत्ता गरज नाही, पण घालून ठेव.

सड्यावरचा
प्रॉम्प्ट रोमनमध्येच आहेत. सांगाडा असा केलाय, मराठीतच लिहितो समजायला सोपं:

प्रत्येक ओळीसाठी:
  वाट बघ (नंबरचा प्रॉम्प्ट) → पाठव नंबर + १३
  वाट बघ (यातलं जे आधी येईल ते):
    गोणीचा प्रॉम्प्ट → पुढे चल
    'सापडला नाही, नवीन घालू?' → पाठव एन, ओळ वेगळ्या फाईलीत टाक, पुढची ओळ घे
    टाइमआउट → स्क्रीन लिहून थांब
  गोणी, वजन, ओलावा, भाव तसंच
  वाट बघ (सेव्ह करू का) → स्क्रीनवरचे आकडे एक्सेलशी ताडून बघ, जुळले तर वाय
  वाट बघ (पावती नं) → नंबर वाचून एक्सेलच्या ओळीसमोर लिही

सुरंगी
हे छान आहे, 'जे आधी येईल ते' हेच तर एक्सपेक्टचं खरं बळ. आणि वाय द्यायच्या आधी स्क्रीन ताडून बघतोयस ते उत्तम, सहसा कोणी करत नाही. एक्सेलकडे मात्र लक्ष दे, शेतकरी नंबर ००४५ असेल तर एक्सेल त्याचं ४५ करून ठेवते, कॉलम भरतानाच टेक्स्ट म्हणून ठेवायला सांग, नंतर टेक्स्ट म्हणून वाचून गेलेली शून्यं परत येत नाहीत.

दापोलीचा_पाऊस
आणि लाईट गेली तर? आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये वळीव आला की गेलीच समजा. अर्ध्यात गेली, परत चालू केलं, अर्ध्या पावत्या डबल.

सड्यावरचा
पाऊसदादा, म्हणून तर पावती नंबर लगेच लिहितोय, सगळं झाल्यावर नाही. परत चालू केलं की ज्या ओळीसमोर नंबर आहे ती सोडून द्यायची.

तात्या_टर्मिनल
एक फट राहते बघ. वाय पाठवला, प्रोग्रामने सेव्ह केलं, आणि तू नंबर लिहायच्या आत लाईट गेली. ती एक ओळ संशयित. म्हणून वाय पाठवायच्या आधी त्या ओळीसमोर 'पाठवतोय' असं लिही आणि फाईल डिस्कवर फ्लश कर, म्हणजे लगेच उतरव. चालू करताना 'पाठवतोय' आहे पण नंबर नाही अशी ओळ सापडली तर स्क्रिप्टने काही ठरवायचं नाही, मेनूतून शेवटची पावती दाखवायची आणि माणसाला विचारायचं. जास्तीत जास्त एकच ओळ असते अशी. एक्सेलमध्येच लिहीत बसू नकोस पण, साध्या सीएसव्हीत लिही, एक्सेल उघडी राहिली की फाईल लॉक होते.

सड्यावरचा
हे घालतो. तो शेवटची पावती दाखवतो, मेनूत ४ नंबरला आहे.

बॅचफाईल_बंड्या
आणि ती टाईप करणारी मुलगी? तिचं काम गेलं का रे?

सड्यावरचा
नाही हो, ती काजूगराच्या ग्रेडिंगच्या नोंदी बघणार आता, ३२०, २४० वगैरे ग्रेड. त्या वेगळ्या फाईलीतले 'नवीन घालू?' वाले शेतकरी पण तिलाच तपासायचेत. खूश आहे, साडेपाचची एसटी मिळते तिला.

चिवला_बीच
माका पण एक इचारूचा होता. आमच्या बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरचो कंट्रोलर आसा, त्याका सिरीयल केबल लावली की मेनू येता, तापमान बघूक रोज हातान चार आकडे दाबूचे लागतत. थंय पण ह्या पीटीवाय लागतला?

सुरंगी
नाही, तिथे सिरीयल पोर्टच आहे, खोट्या टर्मिनलची गरज नाही. पायसिरीयलने पोर्ट उघड, बाकी तेच, प्रॉम्प्ट दिसेपर्यंत वाच मग पाठव. लिनक्सवर असशील तर पीएक्सपेक्टच्या एफडीस्पॉनला उघडलेला पोर्ट देता येतो. फक्त असले जुने कंट्रोलर पटापट आलेली अक्षरं गाळतात, त्यांना सावकाश द्यावं लागतं. एक्सपेक्टमध्ये त्यासाठी सेंडला डॅश-एस आहे, सेंड_स्लोमध्ये दोन आकडे द्यायचे, एका वेळी किती अक्षरं आणि मध्ये किती सेकंद. १ आणि ०.१ पासून सुरू कर. पायथनमध्ये एकेक अक्षर पाठवून मध्ये छोटी झोप, इथे मात्र झोप चालते. आणि वाचायच्याच मेनूत राहा, सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) बदलायच्या मेनूत स्क्रिप्टला जाऊ देऊ नकोस.

चिवला_बीच
सेटपॉइंटाक पासवर्ड आसा, तो मी स्क्रिप्टीक देतलंयच नाय. बॉडरेट ९६०० आसा, उद्या केबल घेऊन बसतलंय.